विश्रांती खाते

विश्रांती घेणे हे काम अतिशय कष्टाचे आहे, ही गोष्ट ज्यांनी हयातभर सरकारी नोकरी केली त्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. कारण कचेरीत विश्रांती आपसूक मिळते, तिच्यासाठी भाडे भरावे लागत नाही, छातीला पट्टे आवळून घ्यावे लागत नाहीत आणि 'माझे काही बरेवाईट झाल्यास त्यास मी स्वतः जबाबदार राहीन' असा मुचलकाही कोणी लिहून मागत नाही. महसूल खात्यात कारकून म्हणून रुजू होऊन नायब तहसीलदारीपर्यंत चढलेल्या माझ्यासारख्या मनुष्यास या कष्टसाध्य शास्त्राचे दर्शन घडले ते निवृत्तीनंतर, बार्बाडोस नामक कॅरिबियन बेटावर. आणि ते घडविणारे होते आमचे जावई, जे टोरांटोस एका बँकेत वर्षभर राबतात आणि हिवाळा आला की त्याहून दुप्पट राबण्यासाठी सुटीवर जातात.

हे बेट सापडण्यास मुळीच कठीण नाही. मद्रासेहून तोंड नाकासमोर पश्चिमेस करून निघालेला मनुष्य, वाटेत लागणारे कर्नाटक, अरबी समुद्र, आफ्रिका खंड आणि अटलांटिक महासागर यांची अडचण न मानता, तेरा अंश उत्तर अक्षांशाची रेषा न सोडता चालत राहिला, तर तो बरोबर बार्बाडोसच्या वाळूत येऊन पडेल. लांबी सुमारे ३४ किलोमीटर, रुंदी २३ आणि क्षेत्रफळ ४३१ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रातील सरासरी तालुक्याच्या निम्मे! हा आकडा कळल्यापासून माझ्या मनात या देशाविषयी एक प्रकारचा खात्याचा जिव्हाळा उत्पन्न झाला; वयाने व हुद्द्याने मी अजून सेवेत असतो, तर हे सारे राष्ट्र जीपमधून एका दिवसात तपासून संध्याकाळच्या आत अहवाल पाठविला असता. मात्र आकारावरून पायरी ठरविण्याची आपली सवय येथे चालत नाही. या निम्म्या तालुक्यास १६३९ पासून स्वतःची विधानसभा आहे, १९६६ साली तो स्वतंत्र झाला, २०२१ साली इंग्लंडच्या राणीस सविनय रजा देऊन त्याने स्वतःचा राष्ट्राध्यक्ष नेमला, आणि त्याच दिवशी रिहाना या गायिकेस राष्ट्रवीर हा सर्वोच्च किताब बहाल केला, जो सर गारफील्ड सोबर्स यांना १९९८ सालीच मिळालेला होता. एक डावखुरा अष्टपैलू खेळाडू आणि एक गायिका एकाच यादीत राष्ट्रवीर म्हणून नांदतात, असा देश वृत्तीने गंभीर नसावा अशी शंका माझ्या मनात आली; आणि ती पुढे समुद्रकिनाऱ्यावर काही अंशी खरी, काही अंशी साफ खोटी ठरली.

राजधानी ब्रिजटाऊनला लागून जो अर्धचंद्राकृती उपसागर पसरला आहे त्याचे नाव कार्लाईल. जमिनीच्या कागदपत्रांत ज्याचे केस पांढरे झाले त्यास या नावाचा इतिहास विशेष रुचेल. १६२७ साली इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाने हे बेट कार्लाईलच्या उमरावास सनद देऊन बहाल केले आणि वर्ष उलटण्याच्या आत तेच बेट दुसऱ्या सनदेने पेंब्रोकच्या उमरावासही देऊन टाकले; एका मिळकतीवर दोन इनामे! असले प्रकरण आमच्या तालुक्यात झाले असते तर त्याच्या तारखा आजतागायत चालू असत्या आणि दोन्ही उमरावांचे वंशज चावडीपुढे चहा पीत बसलेले दिसले असते. राजाने मात्र आपलाच हुकूम स्वतः फिरवून लवकरच निकाल दिला, आणि उपसागराला कार्लाईलचेच नाव लागले यावरून वहिवाट कोणाची ठरली हे निराळे सांगावयास नको. आज त्या इनामाचा मागमूस उरलेला नाही. बेटावरील यच्चयावत किनारे सार्वजनिक असून, त्यांवर कोणासही कोठेही पाय पसरण्याचा हक्क आहे. पाय पसरावयास खुर्ची हवी असल्यास मात्र भाडे पडते.

सूर्य कासराभर वर आला की या किनाऱ्यावर विश्रांतीचे कामकाज सुरू होते. बंदरात लागलेल्या अजस्र प्रवासी जहाजांतून उतरलेली, मुखावर पांढरे मलम फासलेली मंडळी टॅक्स्यांतून येऊन थडकतात. छत्र्या उघडतात, खुर्च्या मांडल्या जातात, आणि मग ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे व हाडांच्या मजबुतीप्रमाणे क्रीडाप्रकारांचे वाटप होते. या प्रकारांचा विस्तार पाहून मी चकित झालो. आपल्याकडे तारकर्लीस आणि गोव्यातही ही खाती आता उघडली आहेत, परंतु येथे त्यांना जणू जिल्हा मुख्यालयाचा दर्जा आहे. समुद्राच्या पाठीवर मोटारसायकलीप्रमाणे मांड ठोकून बसावयाचे जे जेट स्की नामक वाहन, त्याचा पहिला, उभ्याने हाकावयाचा अवतार १९७३ च्या सुमारास कावासाकी या जपानी कंपनीने बाजारात आणला. बोटीस बांधलेल्या हवाई छत्रास लटकून आकाशात जाण्याच्या क्रीडेस लागणारे छत्र १९६१ साली लेमोइन या फ्रेंच अभियंत्याने सिद्ध केले. आणि पायांस फळ्या बांधून बोटीमागे फरफटत जाण्याचा मान इतिहासात प्रथम पटकावला तो अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या राल्फ सॅम्युअलसन या अठरा वर्षांच्या मुलाने, १९२२ साली, फळ्यांची टोके उकळत्या पाण्यात घालून वाकवून. हा सारा शोधांचा इतिहास न्याहाळला असता असे दिसून येते की, यातील बहुतेक क्रीडांचा आत्मा कोणाकडून तरी ओढून नेले जाणे हाच आहे. फरफटत जाण्यासाठी स्वखुशीने पैसे मोजणारी माणसे मी येथे प्रथमच पाहिली. आमच्या देशी ही सोय सरकार पूर्वापार विनामूल्य करीत आलेले आहे.

जावईबापूंनी पहिल्याच सकाळी जेट स्कीचा बेत जाहीर केला आणि एक छापील कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "बाबा, तुम्ही साक्षीदार म्हणून फक्त सही करा." मी चष्मा पुसून कागद वाचावयास घेतला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी अस्वस्थता पसरली तिच्यावरून या किनाऱ्यावर हा कागद आजवर कोणी वाचला नसावा असे मी ताडले. "सगळे असेच सही करतात हो," ते म्हणाले. मी म्हणालो, "जावईबापू, न वाचता सही करण्यासाठी मनुष्यास निदान मंत्री व्हावे लागते." कागदात बुडणे, आपटणे, हरवणे आणि दुसऱ्यावर आदळणे या चारही संभवांची जबाबदारी भाडेकरूवर टाकलेली होती, अर्जदार गरोदर आहे काय, या प्रश्नापुढे जावईबापूंनी प्रामाणिकपणे 'नाही' असे लिहिले होते, परंतु ज्या समुद्रात हे वाहन चालवावयाचे त्याच्या चतुःसीमा कोठेही नमूद नव्हत्या. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, याचा पत्ता नाही, आणि मनुष्य तर आत निघाला! ही हरकत मी वाहनाच्या मालकापाशी नोंदविली. तो सहा फूट उंचीचा, पिकल्या दाढीचा, अत्यंत शांत मुद्रेचा गृहस्थ होता. त्याने माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले, समुद्राकडे बराच वेळ पाहिले, आणि "स्किपर, तुम्ही न्यायाधीश आहात का?" असे आदराने विचारले. महसूल खात्यातून निवृत्त, असे मी सांगताच त्याने आपल्या बाजूची लाकडी पेटी झाडून मला दिली व शहाळे फोडवून आणविले. त्या क्षणापासून मी त्या धंद्यात बिनपगारी सल्लागार झालो.

खुर्च्यांचे भाडे चुकते करताना एक पेच उद्भवला. बार्बाडोसच्या दोन डॉलरांस अमेरिकेचा एक डॉलर, हा दर १९७५ पासून ठाम असल्याने किनाऱ्यावर दोन्ही चलने बिनतक्रार चालतात. परंतु येथील पाच डॉलरच्या नोटेवर कोणा राजाचे वा पुढाऱ्याचे चित्र नसून सर फ्रँक वॉरेल यांचे आहे. १९६२ साली याच गावात येथील गोलंदाज ग्रिफिथचा चेंडू डोक्यास लागून आपले कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर मृत्यूच्या दाराशी गेले असता, वेस्ट इंडिजचा कप्तान असलेल्या या वॉरेलने रक्त दिले. आपल्यातील चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनीही दिले. अशा पुरुषाचे चित्र खुर्चीच्या भाड्यापोटी कोणाच्या तरी ओल्या चड्डीच्या खिशात कोंबावयाचे, हे माझ्या हातून होईना. मी वॉरेलच्या नोटा पाकिटात जपून ठेवू लागलो व सारी देणी अमेरिकन डॉलरांत भागवू लागलो. त्यांच्या नोटेवरील वॉशिंग्टनविषयी मला तेवढी भीड नव्हती. शिवाय तो या गावचा जुना पाहुणाच होता. १७५१ साली, एकोणीस वर्षांचा असताना, आजारी भावास हवापालट व्हावा म्हणून तो येथे आला आणि स्वतःच देवीच्या आजारातून उठून परत गेला. त्याने आयुष्यात केलेला परदेशप्रवास म्हणजे एवढाच. यावरून हवापालटाने त्याच्या मनावर केवढा परिणाम केला असेल याची कल्पना यावी.

दरम्यान आमच्या कुटुंबाची विश्रांती जोरात चालली होती. जावईबापू जेट स्कीवरून उतरले ते कमरेवर हात ठेवून, आणि कमरेवरचा हात खाली घेण्याच्या आत केळ्याच्या आकाराच्या एका पिवळ्या फुगवट्यावर इतर पाचजणांसह जाऊन बसले. त्याचे प्रयोजनच मुळी, काही अंतर ओढून नेल्यावर बसलेल्यांस समुद्रात उलथून टाकणे, हे होते. कन्या छत्रास लटकून अंतराळात जाऊन आली व म्हणाली, "बाबा, वरून तुम्ही अगदी ठिपक्याएवढे दिसत होता!" निवृत्त मनुष्य खालूनही तेवढाच दिसतो, हे मी तिला सांगितले नाही. खरा धक्का दिला तो आमच्या सौभाग्यवतींनी. मॅकरोनी पाय नामक, शेवयांसारख्या नळ्यांच्या आणि चिजाच्या, एकमेव शाकाहारी आधारावर दिवस काढणारी ही बाई, "अहो, मी जरा कासवं बघून येते," असे म्हणून गेली, तोंडास नळी व डोळ्यांस काच लावून, कमरेस फुगा बांधून खोल पाण्यावर तरंगली, आणि परतल्यावर संध्याकाळपर्यंत दुसरा विषय म्हणून निघेना. "हुबेहूब मामंजी हो! तीच मान, तसंच न बोलता बघणं. मी तर पदर सावरायला गेले!" आमचे तीर्थरूप शिरस्तेदार होते, जलसमाधीतही त्यांचा दरारा टिकावा, याचा मला अभिमान वाटला. कासवांच्या शिकारीवर येथे १९९८ पासून पूर्ण बंदी आहे, त्यामुळे त्यांच्या मुद्रेवर कायम सेवेतील मनुष्याची निश्चिंती दिसते. त्याच पाण्यात तळाशी अनेक बुडित जहाजे आहेत. बर्विन नावाची फ्रेंच ओढनौका १९१९ पासून तेथे प्रवाळ अंगावर वाढवीत पडली आहे. आणि बेजन क्वीन ही नौका तर प्रथम बंदरात जहाजे ओढीत होती, मग तिला नाचगाण्याच्या सहलींवर नेमले, आणि २००२ साली मुद्दाम बुडवून माशांच्या वस्तीच्या कामावर ठेवले. दोन बदल्यांनंतर मिळालेली ही कायमची नेमणूक मला फार आवडली. निवृत्त सेवकाची इतकी चोख व्यवस्था आपल्याकडील खात्यांनी अभ्यासण्याजोगी आहे.

परंतु विश्रांती म्हणजे काय, हे या किनाऱ्यावर मला ज्यांनी दाखविले ते ना जावई होते ना कासवे. उपसागराच्या दक्षिण टोकापासून जवळच गॅरिसन सव्हाना हे मैदान आहे. तेथे पूर्वी ब्रिटिश पलटणीचा तळ असे, आणि पलटणीतील अधिकाऱ्यांनी सुरू केलेल्या घोड्यांच्या शर्यती तेथे १८४५ पासून चालत आल्या आहेत. या शर्यतींचे घोडे पहाटे, पर्यटक जागे होण्याच्या आत, रस्ता ओलांडून समुद्रस्नानास येतात. मला पहाटे उठण्याची खोड असल्याने हा सोहळा मी जवळून पाहिला. एकेक उमदे जनावर मोतद्दाराबरोबर संथपणे वाळू तुडवीत येते, पाण्यात छातीपर्यंत शिरते, थोडे पोहते, मान उंच करून फुरफुरते, आणि पाय शेकून घ्यावे तसे उभे राहते. कोणी त्यास ओढत नाही, उलथून टाकीत नाही, कोणी त्याच्याकडून मुचलका घेत नाही. जन्मभर दौडण्यासाठीच पोसलेला हा प्राणी येथे जहागीरदाराच्या ऐटीत स्नान करून निघून जातो; आणि त्यानंतर दोन तासांनी, जन्मभर खुर्चीत बसण्यासाठी शिकलेला मनुष्य त्याच पाण्यात येऊन, उधारीच्या लगामास धरून, घोड्याने केले नसते इतके श्रम करतो. कोणत्या प्राण्यास चाबकाची गरज आहे, याचा उलगडा मला तेथे झाला: घोड्यास ती शर्यतीच्या शेवटी लागते, माणसास सुटीच्या पहिल्या दिवसापासून.

आणि ज्यांचा हा धंदा, ते बोटवाले, दिवसभर सावलीत बसून ज्या निवांतपणाने या धडपडीकडे पाहतात, त्याचे मला प्रथम नवल वाटले, मग वाटेनासे झाले. १६४० नंतरच्या दशकांत या बेटावर उसाची लागवड झाली, आणि ती आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या पाठीवर झाली. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत ज्यांच्या श्रमास मोजदाद नव्हती अशी माणसे येथे पिढ्यान् पिढ्या जन्मली व मेली. १८३४ साली कायद्याने गुलामी उठली, पण उमेदवारीच्या नावाखाली आणखी चार वर्षे वेठ चालूच राहिली. ब्रिटिश सरकारने आपल्या साऱ्या वसाहतींतील या प्रकरणाचा मोबदला म्हणून दोन कोटी पौंड मंजूर केले, आणि ते दिले मालकांस. गुलामांच्या नावे एक पैही पडली नाही. भूसंपादनाचे अनेक निवाडे मी लिहिले, त्यांत अन्याय झाले नसतील असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु ज्याचे गेले त्यास काहीच नाही आणि ज्याने घेतले त्यासच भरपाई, असा निवाडा लिहिताना कारकुनाचा टाकही अडखळला असता. म्हणून, त्या माणसांचा वंशज आज शहाळे पीत बसतो आणि ज्यांच्या देशांत ती साखर गेली तेथील माणसे त्याला पैसे मोजून त्याच्यासमोर घाम गाळतात, ही घटना मला हिशेबाच्या दृष्टीने अगदीच गैरवाजवी वाटली नाही. थकबाकी मोठी आहे. वसुली सावकाश चालू आहे.

विनामूल्य सावलीचा मोह मात्र येथे धरू नये. या बेटाच्या किनाऱ्यांवर मँचिनील नावाचा एक देखणा वृक्ष आढळतो. पाने हिरवीगार, फळे लहानशा सफरचंदासारखी, सावली दाट. त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात, पावसात त्याखाली उभे राहिल्यास गळणाऱ्या थेंबांनीही येतात, आणि लाकूड जाळल्यास धुराने डोळ्यांस इजा होते. आपला बिब्बा त्याच्यापुढे घरगुती औषध ठरावा. लोकांना ओळखता यावा म्हणून ठिकठिकाणी त्याच्या बुंध्यावर तांबडा पट्टा ओढलेला असतो. मी तो पाहताच मिळकत जप्त आहे असे समजून दूर झालो. महसुली शिक्षण असे अवेळी उपयोगी पडते.

सायंकाळी ओहोटीच्या ओल्या वाळूवर क्रिकेट सुरू होई, आणि भारतीय म्हटल्यावर चार प्रश्न विचारल्यावाचून कोणी सोडीत नसे. १९७१ साली येथे दिलीप सरदेसाईंनी दीडशे धावा केल्या, हे त्या पिकल्या दाढीच्या गृहस्थास तोंडपाठ होते, १९९७ साली १२० धावांचे लक्ष्य असताना आपण ८१ धावांत बाद झालो, हे त्यास त्याहून अधिक तोंडपाठ होते, आणि २९ जून २०२४ रोजी याच गावात सात धावांनी विश्वचषक जिंकल्यावर आपल्या रोहित शर्माने खेळपट्टीचा चिमूटभर अंश तोंडात टाकला, त्याविषयी "चव कशी होती, ते त्याने सांगितले का?" असा त्याचा प्रश्न होता. अशा संभाषणातून माझी पंचाच्या जागी एकमताने नेमणूक झाली. हुद्दा मला मानवला. उभे राहावयाचे, काही करावयाचे नाही, आणि अधिकार संपूर्ण. साऱ्या किनाऱ्यावर खरी विश्रांती देणारी जागा हीच एक होती आणि तिला भाडेही नव्हते.

परंतु अधिकार तेथे तंटा. एका दांडग्या पोराने बोटवाल्याचा चेंडू असा भिरकावला की तो समुद्रावर गेला, आणि त्याच वेळी दिवसाची अखेरची फेरी घेऊन परतणाऱ्या त्या पिवळ्या केळ्यावर बसलेल्या आमच्या जावईबापूंच्या हातांत, तोल सावरण्यासाठी ते वर गेले असताना, अलगद येऊन बसला. पोर म्हणाला, षटकार. तो गृहस्थ खेळाडू नाही. बोटवाला म्हणाला, झेल. दिवसभर पैसे भरून तो या समुद्रात खेळतोच आहे, मग खेळाडू कसा नाही? पोर म्हणाला, चेंडू सीमेपार गेला होता. तेव्हा त्या शांत पुरुषाने माझ्याकडे वळून अत्यंत विनयाने विचारले, "स्किपर, समुद्राच्या चतुःसीमा कोठे नमूद आहेत?"

माझीच हरकत माझ्यावर उलटविणारा असा निष्णात वकील आमच्या तालुक्यात झाला नाही. मी दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकले, वाळूत थोडा वेळ फेऱ्या घातल्या, आणि निकाल राखून ठेवीत असल्याचे जाहीर केले; सुनावणीची पुढील तारीख येत्या हिवाळ्यात, याच जागी. "बाबा, म्हणजे पुन्हा यायचं?" कन्येने विचारले. तारीख पडली की हजर राहणे प्राप्तच आहे, असे मी तिला समजाविले. जावईबापू महत्त्वाचे साक्षीदार असल्याने त्यांनाही गैरहजर राहता येणार नव्हते, आणि चेंडू मुद्देमाल म्हणून तोपर्यंत सल्लागारांच्या, म्हणजे माझ्या, ताब्यात राहणार होता. खेळावयास दुसरा चेंडू नाही हे ध्यानात येताच साऱ्या पोरांनी एकमुखाने पंच बदलण्याची मागणी केली. तिचा अर्ज रीतसर, लेखी, दोन प्रतींत द्यावा, असे मी त्यांस सांगितले.